दोन किल्ल्यांचं रिव्हॉल्व्हर

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी काय काय सापडेल हे सांगायला ज्योतिषी नको. निरोप समारंभात मिळालेली मुलाम्याची गणेशमूर्ती, दोन-तीन शाली, कोऱ्याच राहिलेल्या डायऱ्या, कडी तुटलेली ब्रीफकेस आणि पासबुक महिन्यातून दोनदा भरून आणायची खोड. माझ्याकडे याखेरीज एक रिव्हॉल्व्हर होतं. रीतसर परवान्याचं, पण सेकंडहँड. घेतलं तेव्हा ते विटकरी गंजानं असं माखलेलं होतं, की विहिरीतून काढलेला नळाचा तुकडा वाटावा.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाकडे रिव्हॉल्व्हर आहे म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात. पहिला प्रश्न ठरलेला : ‘कधी झाडलंत का?’ माझं उत्तरही ठरलेलं. बत्तीस वर्षांत बारा गोळ्या, त्याही पोलिसांच्या चांदमारीच्या मैदानावर, परवानगी काढून, मातीच्या बांधावर. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. ‘मग इतकी वर्षं त्याचं केलंत काय?’ असं मात्र कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर मी तासभर बोललो असतो, कारण इतकी वर्षं मी ते पुसत होतो.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आमची पिढी वाढली. झुंजार काय, काळापहाड काय, रिव्हॉल्व्हराशिवाय पान हलत नसे. पण त्यातल्या कुणी रविवारी सकाळी वर्तमानपत्र पसरून, बनियनवर बसून, टूथब्रशनं रिव्हॉल्व्हरचे दात घासल्याचं मला आठवत नाही. शस्त्राच्या आयुष्यातला नव्याण्णव टक्के काळ मात्र याच कामाचा असतो.

ते घ्यावं लागलं त्याची हकिगत थोडक्यात सांगतो. १९९१ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. थकीत कर्जांची वसुली हा त्या वेळी आमच्या नोकरीचा सगळ्यात अप्रिय भाग. लहान शेतकरी तोंड चुकवत, पण धमकी देत नसत. धमकी दिली ती गावातल्या एका बड्या असामीनं, ज्यांच्या दारात दोन मोटारी उभ्या असत आणि ज्यांचं खातं तीन वर्षं निपचित पडलं होतं. ‘साहेब, तुम्ही रात्री-अपरात्री मोटारसायकलवर फिरता, रस्ते खराब आहेत,’ असा काळजीचा निरोप आला. मग दोन वेळा घराच्या अंगणात दगड आले. एका पोलीस अधिकाऱ्यानं परवान्यासाठी अर्ज करायला सुचवलं. चौकशी, जबाब, शेरे असं सगळं होऊन काही महिन्यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा परवाना हातात पडला.

परवाना मिळणं एक आणि शस्त्र मिळणं दुसरं. परवान्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते, त्या मुदतीत शस्त्र घेऊन, दाखवून, त्याचा नंबर परवान्यावर चढवून घ्यायचा. परदेशी शस्त्रांच्या खासगी आयातीवर ऐंशीच्या दशकातच बंदी आली होती, त्यामुळे देशात होती-नव्हती तेवढीच विलायती रिव्हॉल्व्हरं या हातातून त्या हातात फिरत होती आणि जमिनीच्या भावासारखी वर चढत होती. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर पुढे सर्रास दिसू लागलं. त्याचा घाटही विलायती वेब्लीवरूनच घेतलेला. मला कोल्हापूरच्या एका दुकानात अस्सल वेब्ली मिळालं. किंमत तीन महिन्यांच्या पगाराइतकी, आणि तीही गंजामुळे उतरलेली. आधीचे मालक कोकणातले डॉक्टर. ते वारल्यावर घरच्यांनी कायद्याप्रमाणे रिव्हॉल्व्हर दुकानदाराकडे जमा केलं होतं. त्याआधी कित्येक पावसाळे ते चामड्याच्या कव्हरात, कपाटाच्या तळाशी पडून होतं.

इथे जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. चामड्याचं कव्हर दिसायला रुबाबदार असतं, पण लोखंडाचा त्याच्यासारखा वैरी नाही. चामडं हवेतली ओल शोषून धरतं आणि कमावताना त्यात मुरलेली आम्लं नि क्षार ओलीबरोबर धातूला चिकटतात. कोकणातला पावसाळा, बंद कपाट आणि चामड्याची मिठी. डॉक्टरांनी रिव्हॉल्व्हर जपण्यासाठी जे केलं त्यानंच ते खाल्लं गेलं होतं. चामड्याच्या पेटीत कॅमेरा, कात्री, सुरी ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

घरी आणलं तेव्हा सौभाग्यवतींनी ते पाहून एवढंच विचारलं, ‘हे चोराला दाखवायचं की भंगारवाल्याला?’

आमच्या शाखेत बंदूकधारी रखवालदार होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, खटाव तालुक्यातले, एकाहत्तरची लढाई पाहिलेले. पलटणीत काही वर्षं त्यांची नेमणूक ‘कोता’त होती. कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. माझ्या खरेदीची बातमी त्यांना माझ्याआधी कळली असावी. शनिवारी अर्ध्या दिवसानंतर ते केबिनच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, उद्या येतो. तवर त्याला हात लावू नगा. पॉलिश पेपर तर अजिबात नगं.’

पॉलिश पेपर मी आणून ठेवलाच होता. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी आल्या आल्या उचलून आपल्या पिशवीत घातला. पुढे जे चार रविवार आम्ही मागच्या पडवीत बसलो, ते माझ्या आयुष्यातलं एक उत्तम शिक्षण होतं.

पहिला धडा सफाईचा नव्हताच. ‘खाली हाय का भरलेलं?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुकानदारानं रिकामंच दिलंय. ‘त्यानं दिलं असंल. तुमी बघितलं का?’ वेब्ली मधून मोडतं. घोड्याच्या पुढची कडी अंगठ्यानं दाबली की नळी खाली झुकते, मागचं चक्र उघडं पडतं आणि मधली चांदणी वर येऊन सहाही घरांतली काडतुसं बाहेर ढकलते. हवालदारांनी मला ती सहा घरं आधी डोळ्यांनी पाहायला लावली, मग करंगळीनं चाचपायला लावली, मग परत डोळ्यांनी. आमचे हेड कॅशियर नोटांचं बंडल एकदा हातानं मोजत आणि पुन्हा उलट्या बाजूनं मोजत, तीच रीत. पुढे बत्तीस वर्षांत ते रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि ही आरती केली नाही असं झालं नाही. मध्ये फोन वाजला आणि उठून परत बसलो, तरी पुन्हा पहिल्यापासून.

मग मुठीच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या फळ्या काढल्या. एकच स्क्रू, पण त्यासाठी हवालदारांनी माझा स्क्रूड्रायव्हर दगडावर घासून घासून त्या खाचेच्या मापाचा केला. ‘खाच फाटली की हत्याराची अब्रू गेली.’ बाकीचं रिव्हॉल्व्हर उघडून हिंडालियमच्या पातेल्यात रेशनच्या रॉकेलमध्ये बुडवलं. दोन दिवस. (ते पातेलं स्वयंपाकघरात परत गेलं नाही. पुढे त्यात अबोली लावली.) रॉकेल गंजाला विरघळवत नाही. ते त्याच्या बारीक फटींत शिरून त्याची पकड सैल करतं. खरं काम हातानंच करायचं असतं. त्यासाठी हवालदारांनी खिशातून काढला तो भोकाचा पैसा!

वाचकांपैकी साठी ओलांडलेल्यांनी तो पाहिला असेल. १९४३ ते ४७ या काळात निघालेला, मध्ये मोठं भोक असलेला काशाचा पैसा. लहानपणी आम्ही तो करगोट्यात ओवलेला पाहिला आहे. काशाचा धातू पोलादापेक्षा मऊ. त्याच्या कडेनं घासलं की गंज खपली धरून निघतो, पण खालच्या पोलादावर ओरखडा उठत नाही. नोटा-नाण्यांत हयात गेलेल्या मला पैशाचा असा उपयोग कुणी शिकवला नव्हता. तेल लावायचं, पैशानं हळू खरवडायचं, फडक्यानं टिपायचं, परत तेल. एका नळीला सबंध सकाळ गेली. फडक्यावर काव लागल्यासारखे डाग पडत होते आणि गंजाखालून एकेक गोष्ट वर येत होती.

आधी आली पंख असलेली गोळी, वेब्ली अँड स्कॉटचं ते चिन्ह. बर्मिंगहॅमचं हे घराणं. १८८७ साली त्यांचं रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्यानं स्वीकारलं, १८९७ मध्ये स्कॉट मंडळींशी भागीदारी झाली, १९०६ पासून वेब्ली अँड स्कॉट हे नाव पडलं. पहिल्या महायुद्धात त्यांच्या मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरला मागणीच मागणी होती. माझं त्या घराण्यातलं धाकटं भावंड, तीन इंची नळीचं, खिशात मावणारं. (अलीकडे याच नावाची रिव्हॉल्व्हरं उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बनू लागली आहेत. दिवस असे फिरतात.) मग चक्रावर प्रत्येक घराशेजारी एकेक ठसा दिसला, मुकुट आणि त्याखाली अक्षरं. बर्मिंगहॅमला १८१३ च्या कायद्यानं शस्त्रांची परीक्षा घेणारी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. प्रत्येक नळी तिथं जादा दारूच्या मात्रेनं उडवून पाहिली जाते आणि टिकली तरच ठसा मिळतो. कारखानदाराच्या शब्दावर विसंबायचं नाही, तपासणारा वेगळा हवा. हे वाचून आमच्या बँकेच्या ऑडिट खात्याची आठवण झाली आणि बर्मिंगहॅमच्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

सगळ्यात शेवटी आला नंबर. तो चौकटीच्या उजव्या बाजूला होता आणि त्यातले दोन आकडे गंजात पार बुडाले होते. त्या जागी हवालदारांनी पैसासुद्धा वापरू दिला नाही. टूथब्रश, रॉकेल आणि मऊ फडकं. पाऊण तासानं आकडे वाचता आले. मी परवाना आणून ताडून पाहिला तेव्हा ते म्हणाले, ‘आता कळलं का पॉलिश पेपर का नगं?’

कारण साधं, पण भयंकर होतं. शस्त्रांवरचा नंबर किंवा खूण खोडणं, पुसणं, बदलणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाखाली गुन्हा आहे. कलम पुढे असंही म्हणतं, की ज्याच्या ताब्यात असं नंबर खोडलेलं शस्त्र सापडेल त्यानंच तो खोडला असं गृहीत धरलं जाईल, तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणजे उत्साहाच्या भरात चकचकीत करायला जावं आणि आरोपी होऊन बसावं. गंज काढायचा, पण गंजाखालचं नाव-गाव काढायचं नाही, ही सीमारेषा केसाएवढी बारीक असते.

नंबराची महती पटवणारी एक खरी गोष्ट पुढे वर्तमानपत्रांत आली. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या खटल्यातलं भगतसिंगांचं .३२ बोअरचं कोल्ट पिस्तूल कित्येक दशकं कुठं आहे याचा पत्ता नव्हता. ते सरकारी कागदांवरून फिरत फिरत पंजाबातल्या फिल्लौरहून इंदूरला, सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रप्रशिक्षण शाळेत येऊन पडलं होतं. गंज धरू नये म्हणून त्यावर काळा रंग चढवलेला, आणि त्या रंगाखाली नंबर दडलेला. २०१६ च्या सुमारास रंग काढून नंबर खटल्याच्या कागदांशी ताडला तेव्हा ओळख पटली : १६८८९६. आज ते हुसैनीवालाच्या संग्रहालयात आहे. कुणी हौशी माणसानं ते कानशीनं घासून लखलखीत केलं असतं तर? देशाच्या इतिहासातलं एक पिस्तूल लोखंडाच्या वजनावर गेलं असतं.

तिसऱ्या रविवारी हवालदारांनी पाणी उकळत ठेवायला सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला. ज्या पाण्यानं वाट लावली त्याच पाण्यात परत? त्यांच्याकडे दोन कारणं होती. पहिलं नळीसाठी. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतलं रसायन जळलं की मागे उरतं ते मिठाच्या जातीचं. ते हवेतली ओल ओढतं आणि नळी आतून खातं. तेलानं ते निघत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. पलटणीत गोळीबारानंतर नळीत उकळतं पाणी ओतत ते यासाठी. आधीच्या कुणी काय उडवलं असेल याचा भरवसा नाही म्हणून हा उपाय. दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, दाखवलं. खरवडूनही पोलादावर तांबूस धुरकट थर उरला होता. वीस मिनिटं उकळल्यावर चिमट्यानं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं तेव्हा तो थर काळा झाला होता. जुन्या तव्यासारखा दाट, शांत काळा.

त्यामागचं शास्त्र मी नंतर वाचून काढलं. लोखंडाचा तांबडा गंज सच्छिद्र असतो, तो ओल धरतो आणि आत आत खात जातो. उकळत्या पाण्यात त्याचं रूप बदलतं, काळा ऑक्साइड तयार होतो आणि तो पोलादाला घट्ट चिकटून बसतो. जुने विलायती कारागीर बंदुकांना निळसर-काळा रंग देत तोही असाच. मुद्दाम गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, परत गंज चढवायचा. म्हणजे नव्या कोऱ्या बंदुकीची जी झळाळी आपण कौतुकानं पाहतो तीही मुळात गंजच, फक्त वळण लावलेला. हे कळलं त्या दिवशी मी घरातल्या विळीकडे, अडकित्त्याकडे, बिडाच्या तव्याकडे नव्या नजरेनं पाहू लागलो.

तरी खड्डे राहिलेच. नळीच्या डाव्या अंगाला देवीचे वण असावेत तसे बारीक बारीक. माझा विचार होता ते कुणाकडून तरी भरून, घासून घ्यावेत. हवालदार म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या. त्ये त्याचं सर्व्हिस बुक हाय.’ सरकारी माणूस दुसऱ्याला याहून मोठा मान देऊ शकत नाही.

चौथ्या रविवारी तेल. मी बाटलीभर ओतायला निघालो होतो. त्यांनी शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब फडक्यावर घेतले आणि सगळं रिव्हॉल्व्हर त्यात पुसून काढलं. जास्त तेल धूळ धरतं आणि धूळ ओल धरते. नळीतून चार बाय दोन इंचाची फलालीनची चिंधी ओढली. मग नळी उघडून मागच्या तोंडाशी माझ्याच अंगठ्याचं नख धरायला लावलं. नखावर पडलेला उजेड नळीत परावर्तित होतो आणि आतले पीळ दिसतात. सात खिडक्यांतून देवळाचा गाभारा दिसावा तसं काहीतरी मला त्या तीन इंची नळीत दिसलं, खोटं कशाला बोलू? चक्राची एक कमान सैल होती, ती मात्र आम्ही छेडली नाही. ती परवानाधारक कारागिराकडूनच बदलून घेतली. पुसणं मालकाचं, दुरुस्ती त्यांची.

निघताना हवालदार म्हणाले, ‘साहेब, हत्यार घरात आणलं म्हंजी घरात एक माणूस वाढलं. त्याला कुठं निजवायचं ते ठरवा.’

ते ठरवलं सौभाग्यवतींनी. बँकेतल्या जॉइंट कस्टडीबद्दल मी तिला लग्न झाल्यापासून ऐकवत आलो होतो. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक व्यवस्थापकाकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. एक माणूस कितीही सचोटीचा असो, दोन्ही किल्ल्या एका रात्रीपुरत्याही एकाच खिशात जायच्या नाहीत. ‘हे घरात राहणार असेल तर तुमच्या बँकेच्या नियमानं राहील,’ ती म्हणाली. रिव्हॉल्व्हर गोदरेजच्या कपाटातल्या लॉकरमध्ये, त्याची किल्ली माझ्याकडे. खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांचं खोकं माळ्यावरच्या लोखंडी पेटीत, तिची किल्ली तिच्याकडे. कुठं ठेवते ते मला सांगायचं नाही, मी विचारायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, चोर आला तर? रात्री दोन वाजता चोराला ‘बसा हं जरा’ म्हणून आम्ही दोघं किल्ल्या शोधणार का? हा प्रश्न मीही केला होता. त्यावर तिचं उत्तर : ‘चोर वर्षातून एकदा आला तर आला. मुलगी आणि तिच्या मैत्रिणी रोज येतात.’ यावर कायदेपंडितांनाही युक्तिवाद सुचणार नाही.

ज्या कामासाठी ते घेतलं त्या कामासाठी मी ते एकदाच कमरेला लावलं. भरून, दोन्ही किल्ल्या लावून, तिच्या संमतीनं. त्या बड्या असामींच्या वाड्यावर वसुलीची नोटीस घेऊन गेलो होतो. दोन तास बसलो. ते बरंच बोलले, मुलाच्या आजारपणाबद्दल, भावांच्या वाटणीबद्दल, बंद पडलेल्या यंत्रमागांबद्दल. घरी येऊन टिपण लिहायला बसलो तर मला त्यातलं अर्धंमुर्धं आठवेना. दोन तास माझं सगळं लक्ष कमरेशी होतं. बुशशर्ट वर तर सरकला नाही ना, खुर्चीच्या हाताला टेकतंय का, पाणी द्यायला आलेल्या पोरानं पाहिलं का. कर्जदाराचं ऐकून घेणं हे आमच्या धंद्याचं निम्मं भांडवल. पुढच्या खेपेला हवालदार जीपमध्ये होते आणि माझी कमर मोकळी होती. खातं मिटायला आणखी दोन वर्षं गेली, तडजोडीनं मिटलं. दगड त्याआधीच थांबले होते.

त्यानंतर रिव्हॉल्व्हर माझ्या मागोमाग बदल्यांच्या गावी फिरलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुसणं, मुदतीच्या आत नूतनीकरण. आधी ते दर तीन वर्षांनी असे, २०१९ च्या दुरुस्तीनं पाच वर्षांनी झालं. आणि प्रत्येक निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करणं. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं जमा करायची नोटीस येते. रानडुकरांपासून पीक राखायला बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यांची त्यात फार आबाळ होते, कारण डुकरांना आचारसंहिता नसते. एका निवडणुकीनंतर माझं रिव्हॉल्व्हर परत आलं तेव्हा नळीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा गंजून उठला होता. रेघान् रेघ स्पष्ट. घामातल्या मिठानं दीड महिन्यात केलेलं ते काम. तो ठसा भोकाच्या पैशानं निघाला, पण उजेडात तिरपं धरलं तर अजून अंधूक दिसतो. शस्त्राला हात लावल्यावर पुसून ठेवावं याला याहून चांगला पुरावा कोणता?

दोन किल्ल्यांचा नियम कधी मोडला नाही. मुलीच्या बाळंतपणाला ती तीन महिने बंगळूरला गेली तेव्हा पेटीची किल्ली बरोबर घेऊन गेली. मी स्टेशनवर चेष्टेनं म्हटलं, ‘चार्ज देऊन जा.’ ती म्हणाली, ‘कुणाला देऊ? दुसरा अधिकारी नेमलाय का तुम्ही?’

२०२२ च्या मार्चमध्ये ती गेली. आवराआवर करताना मुलीला स्वयंपाकघराच्या फळीवर, मागच्या रांगेत, पितळी हिंगाच्या डबीत ती किल्ली सापडली. तिनं ती माझ्या हातावर ठेवली. किल्लीला हिंगाचा इतका उग्र वास होता की दोन दिवस हाताला येत राहिला. मुलगी पंधरा दिवसांनी परत गेली आणि घरात मी, कपाट आणि पेटी राहिलो. आणि दोन्ही किल्ल्या एका खिशात.

बँकेत हा नियम चोरीसाठी आहे असं आम्हा सगळ्यांना वाटे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात, संध्याकाळी दिवा लावायचाही कंटाळा येई अशा दिवसांत, तो नियम एकट्या माणसाच्या घरातही असावा हे मला कळलं. याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. इतकंच सांगतो, की एका सकाळी उठून, चहाही न घेता, काडतुसांचं खोकं परवान्यासकट दुकानदाराकडे नेलं आणि जमा करून पावती घेतली. मग एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो लगेच आला आणि चार दिवस राहिला.

रिव्हॉल्व्हर मात्र आणखी दोन वर्षं ठेवलं. त्याची सवय झाली होती, आणि काडतुसांविना ते फक्त एक पुसायची वस्तू होती. महिन्याचा पहिला रविवार आला की त्या निमित्तानं वर्तमानपत्र पसरलं जाई, पडवीत कुणीतरी बसलं आहे असं वाटे. मग नूतनीकरणाची तारीख जवळ आली. मुलीला विचारलं. ‘बाबा, मला नको,’ ती म्हणाली. नातू दहा वर्षांचा, त्याला हवं होतं, म्हणजे प्रश्नच मिटला.

स्वतःचं शस्त्र विकायचं तर आधी लेखी कळवावं लागतं आणि पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. कायद्यात ही मुदत कशासाठी घातली असेल ते असो, मला ती पुरली. खटावला जाऊन आलो. हवालदार पंच्याऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं, पण रिव्हॉल्व्हर विकतोय म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ‘चामड्याच्या कव्हरात तर न्हाई ना देणार?’ भोकाचा पैसा परत द्यायला मी बरोबर नेला होता. तो त्यांनी घेतला नाही.

शेवेचाळिसाव्या दिवशी दुकानात गेलो. आता तिथं त्या दुकानदाराचा मुलगा बसतो. त्यानं कडी दाबून रिव्हॉल्व्हर उघडलं, घरं पाहिली, करंगळी फिरवली, परत पाहिली. मला बरं वाटलं. मग नळी दाराच्या उजेडाकडे धरून नख लावलं आणि म्हणाला, ‘आतून छान आहे हो. बाहेरच जरा खड्डे आहेत.’ मी म्हटलं, ‘ते मी घेतलं तेव्हाचेच.’ त्यानं रजिस्टर उघडलं, नंबर मोठ्यानं वाचत लिहिला, मी परवान्यावरून ताडला, दोघांच्या सह्या झाल्या. लॉकरची किल्ली आणि पेटीची किल्ली मी सवयीनं टेबलावर काढून ठेवल्या होत्या. तो म्हणाला, ‘काका, या कशाच्या? या मला नकोत.’ त्यातली एक त्यानं उचलून नाकाशी नेली आणि हसून माझ्याकडे परत सरकवली.